उशीत दडलेली शिंक

वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: मुलाची सकाळची शिंक आणि तपासणीत निघालेली धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

मुलगी सात वर्षांची. उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका. नाक चोळून चोळून नाकावर आडवी रेघ उमटली आहे. शाळेची बस येईपर्यंत सगळे थांबते. त्वचेच्या तपासणीत ‘डस्ट माइट’ आले. गादी आठ वर्षांची आहे. मी रोज घर झाडते, पुसते, तरी फरक नाही. कुठे चुकते? – एक आई, फोंडा

तुमची मेहनत फरशीवर खर्च होते आहे आणि किडे गादीत आहेत. माइट हा आठ पायांचा जीव आहे. लांबी मिलिमीटरचा चौथा भाग, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून झडणारा त्वचेचा कोंडा हे त्याचे अन्न. पाणी तो पीत नाही, हवेतली ओल अंगात शोषून घेतो. कोंडा, ऊब आणि घामाची ओल ही तिन्ही एकत्र मिळण्याची घरातली जागा म्हणजे अंथरूण. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या कणांमुळे. मुलगी कुशीवर वळते, उशी दाबली जाते, कण उडतात आणि नाक तिथेच असते. रात्रीचे नऊ-दहा तास असे गेल्यावर सकाळी शिंका येणारच. बसपर्यंत त्या थांबतात, कारण ती अंथरुणापासून दूर गेलेली असते.

म्हणून सुरुवात उशीपासून करा. गोव्यात अजून घरोघरी सावरीच्या कापसाच्या उशा आहेत. त्या मऊ असतात, पण धुता येत नाहीत आणि आत किती वर्षांचा भुसा झाला आहे ते कळत नाही. ती उशी काढून धुता येणारी नवी उशी आणा. पॉलिस्टरच्या उशीत माइट होत नाहीत हा मात्र गैरसमज आहे. तिच्यातही होतात, फक्त ती गरम पाण्यात घालता येते एवढाच फायदा.

दुसरे काम गादी आणि उशीला माइटरोधक खोळ घालण्याचे. इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. दुकानात ‘मॅट्रेस प्रोटेक्टर’ म्हणून मिळते ती बहुधा चार कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली, वरून घालायची चादर असते. तिची खालची बाजू उघडी असल्यामुळे ती गादीला पाण्याच्या सांडण्यापासून वाचवते, मुलीला माइटपासून नाही. तुम्हाला हवी ती सहाही बाजूंनी बंद होणारी, चेन असलेली, घट्ट विणीची कापडी खोळ. विणीतले छिद्र १० मायक्रॉनपेक्षा लहान असल्याचे वेष्टनावर लिहिलेले असावे. प्लास्टिकची खोळ स्वस्त पडते, पण आपल्याकडच्या घामात मूल तिच्यावर झोपत नाही, आणि चार दिवसांत ती कपाटात जाते. लहान मुलाच्या अंथरुणात सुटे प्लास्टिक असणे धोक्याचेही आहे. मागवण्याआधी गादीची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही मोजा. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या कापसाच्या गाद्या कंपनीच्या मापात बसत नाहीत. खोळ सैल झाली की चुरगळते आणि तंग झाली की शिवण उसवते. चेनच्या शेवटी बोटभर फट राहते, तिथे कापडी चिकटपट्टी लावून टाका. नेमके तिथूनच कण बाहेर येतात.

खोळीवर नेहमीची चादर घाला. चादर, अभ्रा आणि पांघरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा. खोळ स्वतः दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा आणि दोन-तीन महिन्यांनी, तिच्यावरच्या सूचनेप्रमाणे धुवा.

आणखी दोन गोष्टी पत्रात नाहीत, पण विचारायला हव्यात. मुलगी रात्री तुमच्या खोलीत येऊन मध्येच झोपते का? तसे असेल तर तुमची गादी आणि उशाही बंद कराव्या लागतील, नाहीतर तिच्या खोलीवरचा खर्च अर्धा फुकट. आणि पलंग पेटीचा आहे का? फ्लॅटमध्ये जागा वाचवायला घेतलेला पेटीचा पलंग माइटना फार सोयीचा: खाली प्लायवूड, हवा शून्य आणि आत वर्षभर न उघडलेल्या रजया. पेटी रिकामी करा, किंवा आतले सगळे चेनच्या बंद पिशव्यांत भरा, आणि सकाळी गादी तासभर भिंतीला उभी करा. उठल्याबरोबर अंथरूण नीटनेटके झाकून टाकायची सवय असेल तर तीही सोडा. रात्रीचा घाम उडायला वेळ हवा.

गादी आठ वर्षांची आहे असे तुम्ही लिहिले आहे. ती पुन्हा पिंजून घेऊ नका. पिंजल्याने कापूस फुगतो, आतले कण तसेच राहतात, आणि ते काम अंगणात केले तर धुरळा घरभर होतो.

आमच्याकडे वरून कपडे घालायचे साधे मशीन आहे, त्यात पाणी तापत नाही. जून ते सप्टेंबर चादरी वाळतही नाहीत. दर आठवड्याला गरम पाण्यात कसे धुवायचे? – म्हापसा

पाणी किती गरम, ते आधी नक्की करू. माइट मरायला ५५ ते ६० अंश सेल्सिअस लागते. हाताला सोसवणारे ‘चांगले कडकडीत’ पाणी चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास असते. त्याने मळ निघतो, माइट धाग्याला धरून राहतात. थंड पाणी अगदीच निरुपयोगी नाही, कारण विष्ठेतले ॲलर्जीचे द्रव्य पाण्यात विरघळते आणि बरेचसे निघून जाते. पण किडे जिवंत राहिले की काही आठवड्यांत पुन्हा तेवढेच.

बादलीत असे करा. आपल्याकडे नळाचे पाणी २८ अंशांच्या आसपास असते. १० लिटर नळाचे आणि १० लिटर उकळते मिसळले की सुमारे ६४ अंश होते. बादली आणि कापड थोडी उष्णता खातात, मग ६० च्या जवळ राहते. यात एका वेळी दोन चादरी आणि दोन अभ्रे, त्याहून जास्त नको. कोरड्या चादरींनी बादली ठासून भरली की मधल्या घड्यांपर्यंत उष्णता पोचत नाही. काठीने दाबून सगळे बुडवा, झाकण ठेवा, अर्धा तास तसेच. नंतर नेहमीप्रमाणे मशीनमध्ये. स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर असेल तर एकदा मोजून बघा, म्हणजे पुढे अंदाज बसतो. गीझरचे पाणी चालेल का, हेही त्याच थर्मामीटरने कळेल. बरेच गीझर पन्नासच्या आसपास थांबतात. उकळते पाणी नेताना मुले न्हाणीघरात नकोत, हे सांगायला नको, पण अपघात याच क्षणी होतात.

वाळवण्याचे उत्तर संख्येत आहे. मुलाच्या अंथरुणाचे निदान तीन जोड ठेवा. जाड रजई आणि चार-पाच पदरी गोधडी पावसाळ्यात बाजूला. गोव्यात पावसाळ्यातही मुलाला दोन पदरांची पातळ गोधडी किंवा दोहर पुरते, आणि ती पंख्याखाली एका दिवसात वाळते. दमट राहिलेल्या चादरीवर, अभ्र्यावर कडक इस्त्री फिरवा, ओलही जाते आणि उरलेसुरले माइटही मरतात. मात्र ओले कपडे मुलाच्या झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. का, ते पुढच्या उत्तरात आकड्यांनी येईल.

एकाच वस्तूला पैसे आहेत. एअर प्युरिफायर घ्यावा, एसी की ओल शोषणारे डीह्युमिडिफायर? – मडगाव

प्युरिफायर या तिघांत शेवटचा. माइटचे कण जड असतात. चादर झटकली की उडतात आणि वीस-तीस मिनिटांत पुन्हा खाली बसतात. यंत्र कोपऱ्यातली हवा गाळत बसते आणि मूल उशीत तोंड खुपसून झोपलेले असते. घरात मांजर-कुत्रा असेल किंवा रस्त्याचा धूर येत असेल तर प्युरिफायरचा उपयोग वेगळा. माइटसाठी नाही.

ओल कमी करणे हा मात्र मुळावरचा घाव आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता सलग ५० टक्क्यांखाली राहिली तर माइटच्या अंगातले पाणी उडून जाते आणि आठ-दहा दिवसांत ते मरू लागतात. ७० ते ८० टक्क्यांत ते भरभराटतात, आणि आपला पावसाळा त्याच्याही वर असतो. ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. दिवसाचे काही तास दमट हवा मिळाली तरी ते तग धरतात. रात्री एसी लावून सकाळी खिडक्या सताड उघडल्या की रात्रीचे काम पुष्कळसे वाया.

आता हिशेब बघा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. २८ अंशांत आर्द्रता ८५ वरून ५० टक्क्यांवर आणायला त्या हवेतून फक्त सव्वातीनशे मिलिलिटर पाणी काढावे लागते, एक मोठा पेला. सोपे वाटते ना? पण खिडकी थोडी उघडी असेल आणि खोलीतली हवा तासाला एकदा बदलत असेल, तर दर तासाला पुन्हा तेवढेच पाणी आत येते, म्हणजे दिवसाला जवळजवळ आठ लिटर. फट मोठी असेल तर पंधरा. डीह्युमिडिफायरवर छापलेला ‘१२ लिटर’ हा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो. हवा कोरडी होत जाते तसे ते यंत्र त्याच्या निम्मेच पाणी काढते. म्हणून २० लिटरच्या खालचे घेऊ नका, दारे-खिडक्यांच्या फटींना रबरपट्टी लावा, आणि शक्य असेल तर पाण्याची नळी सरळ न्हाणीघरात सोडा. टाकी भरली की यंत्र थांबते, आणि पहाटे तीनला कोणी उठून ती ओतत नाही. ते खोली दोन-तीन अंशांनी गरमही करते. मूल शाळेत असताना जोरात आणि रात्री बेताने चालवणे त्यामुळे सोयीचे.

धुतलेल्या कपड्यांच्या एका खेपेत पिळल्यानंतरही दोन-तीन लिटर पाणी असते. ते पंख्याखाली खोलीत वाळवणे म्हणजे खोलीच्या हवेत सहा ते नऊ मोठे पेले पाणी ओतणे.

तुमच्याकडे एसी आधीपासून असेल तर आधी त्यालाच नीट वापरा. २५ अंश, ‘ड्राय’ मोड. खोलीच्या मानाने एसी फार मोठा असेल तर तो झटकन थंड करून थांबतो आणि ओल तशीच राहते. कॉम्प्रेसर थांबल्यावर आतला पंखा फिरत राहिला तर गार नळ्यांवर साचलेले पाणी परत हवेत जाते, म्हणून पंखा ‘ऑटो’वर ठेवा. अठरा अंशांवर लावू नका. भिंती आणि कपाटाची पाठ गार होऊन तिथे पाणी सुटते आणि बुरशी धरते. जाळी पावसाळ्यात दर पंधरवड्याला धुवा.

काहीही घेण्याआधी काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या आणि पलंगाच्या उंचीवर ठेवा. आकडा दिसल्याशिवाय यंत्र काम करते की नुसते घरघरते, ते कळणार नाही. बाजारात मिळणारे ओल शोषणारे पांढऱ्या खड्यांचे डबे महिनाभरात अर्धा लिटर पाणी धरतात. बंद कपाटाला ठीक, खोलीला काहीच नाही.

एवढ्या सगळ्याला पैसे कमी पडत असतील तर क्रम असा ठेवा: आधी खोळी आणि गरम पाणी, मग यंत्र.

आमचे जुने कौलारू घर. चिऱ्याच्या भिंती, माडी नाही, वरून माती गळते. असल्या घरात आर्द्रता ५० टक्के कधीच होणार नाही. मग काहीच करता येणार नाही का? – साखळी

होणार नाही, हे तुम्ही बरोबर ओळखले. मंगळुरी कौलांच्या छपरातून हवा सतत खेळते. तिथे डीह्युमिडिफायर लावणे म्हणजे अंगण कोरडे करायला निघणे. तो खर्च करू नका. किनाऱ्यालगतची हवा जानेवारीतही पुरती कोरडी होत नाही, त्यामुळे गोव्यात बहुतेकांना अंथरुणाचीच लढाई लढावी लागते. ती तुमच्याही घरात पूर्ण लढता येते.

पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. चिरा पाणी ओढून घेतो, पावसाळ्यात भिंतीचा खालचा हात-दोन हात भाग ओला राहतो, आणि भिंतीला टेकलेली गादी तेवढी ओल पिते. गादी जमिनीवर घालत असाल तर ते आधी बंद करा. फळ्यांच्या फटी असलेला साधा लाकडी पलंग सर्वांत चांगला. पलंगाखाली ट्रंका, जुनी वर्तमानपत्रे, भाताची पोती नकोत. कौलांतून गळणाऱ्या मातीसाठी काही जण वर कापडी छत ताणतात. ते धूळ साठवणारे भांडे ठरते. त्यापेक्षा मच्छरदाणी लावा, तिच्या वरच्या बाजूला सुती चादर घाला, आणि दोन्ही दर पंधरवड्याला धुवा.

तुमच्याकडे अंगण आहे, ही फ्लॅटवाल्यांना नसलेली सोय. मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात गादी अंगणात काढा, प्रत्येक बाजू तीन-चार तास. एकच बाजू तापवली तर माइट सावलीच्या बाजूला सरकतात, म्हणून उलटणे विसरू नका. जाड कापसाच्या गादीच्या मधोमध ऊन पोचत नाही, त्यामुळे उन्हावर सगळी भिस्त नको. आणि ऊन माइट मारते, त्यांची विष्ठा नाहीशी करत नाही. गादी उन्हात तापवून, मुलापासून दूर झटकून, संध्याकाळ दमट होण्याआधी खोळीत बंद करा. पावसाळ्यातल्या तासाभराच्या उघडिपीत गादी बाहेर काढू नका. तेवढ्या वेळात ती कोरडी होण्याऐवजी ओल घेऊन आत येते.

केरसुणीने झाडायचे तर मूल बाहेर असताना, आणि त्यानंतर ओल्या फडक्याने पुसायचे. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून ओढला की धूळ आतच राहते, खाली पडत नाही.

भरलेल्या कापडी खेळण्यांशिवाय मुलगा झोपत नाही. सगळी टाकून द्यायची? – पर्वरी

एक ठेवा, फार तर दोन. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, जिथे तापमान उणे १८ च्या आसपास असते, दोन दिवस ठेवा. माइट मरतात, पण मेलेले माइट आणि त्यांचे कण आतच असतात, म्हणून नंतर साध्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. महिन्याला एकदा. फ्रीजच्या खालच्या कप्प्याने काम होत नाही. बाकीची खेळणी काचेच्या कपाटात ठेवा, म्हणजे मुलाला दिसतील तरी.

माइटची ॲलर्जी आहे तर सुंगटे (कोळंबी) बंद करा असे कोणीतरी सांगितले. खरे का? – वास्को

या सांगण्याला आधार आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. माइट आणि सुंगटे दोघांच्याही अंगात ट्रोपोमायोसिन नावाचे बरेच सारखे प्रथिन असते, त्यामुळे काही मुलांच्या तपासणीत दोन्ही ‘पॉझिटिव्ह’ येतात. पण तपासणीत येणे वेगळे आणि खाऊन त्रास होणे वेगळे. मूल आजवर सुंगटांचे हुमण निमूट खात आले असेल तर ते चालू ठेवा. खाल्ल्यावर ओठ-तोंड खाजणे, अंगावर गांध्या, उलटी, दम यांपैकी काही होत असेल तर मात्र थांबवा आणि ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवा. दही, केळे, पेरू ‘सर्दी करतात’ म्हणून तोडण्याचे माइटशी काहीच नाते नाही.

याच ओघात एक कमी माहीत असलेली गोष्ट. दमट हवेत उघडा राहिलेला मैदा, रवा, बेसन यांतही माइट होतात, आणि असे पीठ शिजवून खाल्ल्यावरही काही ॲलर्जीग्रस्तांना तीव्र त्रास झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. पावसाळ्यात पीठ थोडे आणा, हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा.

डांबरगोळ्या, कापूर, कडुलिंबाचा पाला, संध्याकाळचा धूप यांनी माइट मरतात का? – काणकोण

अंथरुणातले माइट मरतील इतकी वाफ यांतल्या कशानेही खोलीत होत नाही. डांबरगोळ्या मुलांच्या कपड्यांत-पांघरुणात अजिबात नकोत. त्यातल्या नॅफ्थलीनने, विशेषतः जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कापूर तोंडात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल यांचा धूर आधीच सुजलेल्या नाकाला आणि श्वासनलिकेला चिडवतो. देवघरातला धूप देवघरात राहू द्या, मुलाच्या खोलीत फिरवू नका.

तपासणी न करताच हे सगळे सुरू केले तर? – डिचोली

चादरी गरम पाण्यात धुवायला तपासणी लागत नाही. पण खोळी आणि यंत्रांवर हजारो रुपये घालण्याआधी खात्री करून घ्या, कारण पावसाळ्यात बुरशी आणि झुरळे यांच्या ॲलर्जीची लक्षणेही तशीच दिसतात आणि त्यांचे उपाय वेगळे. ताप नाही, शेंबूड पाण्यासारखा, नाक-डोळे खाजतात आणि आठवडे उलटले तरी थांबत नाही, तर ॲलर्जीची शक्यता जास्त. त्वचेवर थेंब टाकून टोचण्याच्या तपासणीचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत कळतो. तिच्याआधी आठवडाभर सेटिरिझीनसारखी ॲलर्जीची औषधे, डॉक्टरांना विचारून, थांबवावी लागतात, नाहीतर खोटा ‘निगेटिव्ह’ येतो. रक्ताच्या तपासणीला ती थांबवावी लागत नाहीत.

खोळी घातल्या, यंत्रही आणले. आता नाकातला स्टिरॉइडचा फवारा बंद करू का? सासूबाई म्हणतात त्याची सवय लागते. – पणजी

एवढ्यात नको. नुसत्या खोळींनी आजार आटोक्यात येतो, असे संशोधन सांगत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत फक्त खोळी वापरून रुग्णांच्या त्रासात फरक दिसला नाही. मुलांच्या बाबतीत चित्र थोडे आशादायक आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात, दम्याचा तीव्र झटका येऊन गेलेल्या मुलांच्या अंथरुणाला माइटरोधक खोळी घातल्या. पुढच्या वर्षभरात त्यांच्यापैकी २९ टक्क्यांना तातडीने रुग्णालयात न्यावे लागले, साध्या खोळी मिळालेल्यांत ४२ टक्क्यांना. फायदा आहे, पण औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीने.

सासूबाईंची भीती एका वेगळ्या औषधाला लागू पडते. चोंदलेले नाक दोन मिनिटांत उघडणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की ते सोडताच नाक आणखी चोंदते. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन या स्टिरॉइडचा फवारा तसा नाही. तो रोज वापरायचा असतो, पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे जातात, आणि रक्तात तो फार थोडा उतरतो. तरी मुलाची उंची दर सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवा. फवारा मारताना मान किंचित पुढे, आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने. त्यामुळे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न वळता बाहेर, कानाच्या दिशेने वळते. पडद्यावर मारल्यानेच बहुतेकदा रक्त येते. नंतर जोरात ओढून घेऊ नये, औषध घशात जाते.

ॲलर्जी-दम्यासाठी दिले जाणारे मोन्टेलुकास्ट असलेले सिरप किंवा गोळी चालू असेल आणि मुलाला दुःस्वप्ने पडू लागली, विनाकारण चिडचीड किंवा उदासी दिसली, तर डॉक्टरांना लगेच सांगा. हा त्या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे.

घरातल्या उपायांचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने धरा. इतके करूनही त्रास राहिला तर इंजेक्शनाची किंवा जिभेखालच्या थेंबांची इम्युनोथेरपी (ॲलर्जीच्या द्रव्याची शरीराला हळूहळू सवय करण्याचा उपचार) आहे, ती तीन ते पाच वर्षे चालते. दमा आटोक्यात नसताना ती सुरू करत नाहीत, आणि इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचे असते.

चवथीला (गणेशचतुर्थीला) मूळ घरी गेलो की दुसऱ्या रात्री मुलाला हमखास दम लागतो. जाणे टाळता येत नाही आणि टाळायचेही नाही. – पेडणे

टाळू नका. मूळ घरातल्या गाद्या-उशा वर्षभर माळ्यावर किंवा ट्रंकेत बंद असतात, आणि चवथीच्या आधी एकदम बाहेर निघतात. तोपर्यंत पावसाचे तीन महिने उलटून गेलेले असतात. मुलाची उशी खोळीसकट, दोन चादरी आणि पांघरूण घरूनच न्या. गादीची एक जादा खोळ घडी करून पिशवीत मावते, तिथे पोचताच ती चढवा. माळा साफ करणे, माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची चौकट) बांधायच्या जागेची जळमटे काढणे, भिंतींना रंग, ही कामे मुलगा पोचायच्या आदल्या दिवशीपर्यंत उरकायला घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मुले एका रांगेत जाजमावर झोपतात, त्यात त्याला एकट्याला बाजूला काढले की तो रुसेल. रांगेतच, पण कडेला, त्याच्या स्वतःच्या अंथरुणावर झोपू द्या. फटाके आणि धूप यांच्या धुरातून थोडे लांब ठेवा.

दम लागतो असे तुम्ही लिहिता, म्हणजे हा नुसता नाकाचा प्रश्न राहिलेला नाही. चवथीच्या निदान महिनाभर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बांबोळीच्या गोमेकॉतही (गोवा मेडिकल कॉलेजात) बालरोग विभाग आहे. रोजचा इन्हेलर लागेल का आणि झटक्याच्या वेळी साल्ब्युटामॉलचे (श्वासनलिका उघडणाऱ्या औषधाचे) किती फवारे, किती मिनिटांनी द्यायचे, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. तो कागद, इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला जोडायची नळी) सामानात खाली नको, हाताशी हवा, आणि घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला तो वापरता यायला हवा. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, एक वाक्य दमाने पुरे बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा सांगितलेले फवारे देऊनही आराम नसेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाला आडवे न करता बसते ठेवून लिहून दिल्याप्रमाणे फवारे चालू ठेवा.